बाणबांधणी

दांडी निवडण्यापासून पिसे चिकटवण्यापर्यंतची सगळी कामे स्वतः करून धनुष्याचे बाण घरी तयार करण्याची कला. बाणाचे भाग चार : दांडी, पुढचे पाते किंवा टोक, प्रत्यंचेत अडकणारी खाच आणि खाचेपुढची पिसे. नवशिक्याची नजर पात्यावर खिळते, पण बाणाची दिशा सांभाळतात ती दांडी आणि पिसे.

कोल्हापूरकराला दांडीसाठी लांब जावे लागत नाही. बुरुडांकडच्या बांबूतून काडी निवडता येते. घाटाखालचा माणगा जातीचा बांबू बराचसा भरीव असल्याने उत्तम. बांबू पिकलेला हवा आणि सावलीत वाळवलेला. मग गाठी तासायच्या, वाकलेली जागा निखाऱ्यावर शेकून उलट्या बाजूला दाबायची आणि गार होईपर्यंत हात सोडायचा नाही. या कामात घाई केली की काडी पुन्हा वाकते.

खरी कसोटी ताठपणाची. लाकडी दांडी २६ इंच अंतरावरील दोन आधारांवर ठेवून मध्यभागी २ पौंड, म्हणजे सुमारे ९०७ ग्रॅम, वजन टांगतात. ती जितके इंच लवते त्या आकड्याने २६ ला भागले की ताठपणा पौंडांत मिळतो, म्हणजे ती साधारण किती पौंड ओढीच्या धनुष्याला जुळते ते कळते : ०.५२ इंच लवली तर ५० पौंड. प्रत्यंचा सुटताच बाण क्षणभर वाकतो आणि धनुष्याला वळसा घालून पुढे सरळ होतो. उजव्या हाताने प्रत्यंचा ओढणाऱ्याचा फार ताठ बाण डावीकडे जातो, फार लवचीक उजवीकडे. लांब दांडी किंवा जड टोक असले तर बाण जास्त लवचीक वागतो. म्हणून एका संचातल्या साऱ्या काड्या सारख्या ताठ आणि सारख्या वजनाच्या लागतात. निम्म्या काड्या बाद कराव्या लागल्या तरी इथे तडजोड करू नये.

पिसे सहसा तीन, १२० अंशांवर. त्यांतले एक खाचेशी काटकोनात. एका बाणावर एकाच बाजूच्या पंखातली पिसे घ्यावीत, कारण डाव्या-उजव्या पंखांतल्या पिसांचा बाक परस्परविरुद्ध असतो. ती किंचित तिरकी चिकटवली की बाण फिरत जातो आणि स्थिर राहतो. पिसाच्या देठाचे पुढचे टोक दोऱ्याने आवळून बांधावे, नाहीतर ते हातात घुसते. पिसे पाळीव टर्कीची किंवा हंसाची घ्यावीत. रानपक्ष्यांची घेऊ नयेत. कोल्हापूरच्या पावसात पिसे भिजून चपटी होतात. प्लॅस्टिकची पिसे भिजत नाहीत, पण साध्या धनुष्याला घासून बाणाची दिशा बिघडवतात.

शिकारी बाणाचे पाते रुंद व धारदार असते. ते वाऱ्यात दिशा बदलू पाहते, म्हणून त्याला मोठी पिसे लागतात. परवान्याने धनुष्यशिकार चालते अशा देशांत, उदाहरणार्थ अमेरिकेत, असे बाण आजही घरी बांधतात. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. कोल्हापूर संस्थानच्या राजघराण्याचे शिकारीचे रान असलेले दाजीपूर १९५८ पासून अभयारण्य आहे, आणि हा बदल फार चांगला झाला. त्यामुळे इथे बांधलेल्या बाणाला साधे टोक बसवावे आणि तो लक्ष्यावरच सोडावा. पोत्यात घट्ट ठासलेले उसाचे पाचट किंवा भाताचे पिंजर घरच्या सरावाला पुरते. मागे मातीचा बांध मात्र हवाच.

प्रत्येक नेमापूर्वी दांडी हलकेच वाकवून कानाशी धरावी. करकरली किंवा तडा दिसला तर ती तिथेच मोडून टाकावी, म्हणजे दुसरे कोणी चुकून वापरणार नाही.