खाजन

खाजन : गोव्यातील नद्यांच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. व्यवहारात जमीन, बांध, मानस (पाण्याचे दार), पोंय (दाराच्या आतील तळे) आणि मिठागर मिळून होणाऱ्या साऱ्या व्यवस्थेलाच खाजन म्हणतात. मांडवी, जुवारी, शापोरा व साळ या नद्यांच्या काठी, तसेच चोडण, दिवाडी, सांत इस्तेव या बेटांवर तिचा मोठा पसारा आहे. एकूण क्षेत्र साधारण 18,000 हेक्टर धरले जाते. यातील बरीचशी जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. समुद्राची पातळी वाढत असताना किनारा राखण्याचे जे मार्ग आज सुचवले जातात, त्यांत शतकानुशतके वापरात राहून टिकलेला गोव्यातील मार्ग म्हणून खाजनाचा विचार करावा लागतो.

व्युत्पत्ती व प्राचीनता : ‘खार’ या शब्दाशी खाजनाचा संबंध जोडण्याची रीत आहे, ध्वनीच्या दृष्टीने ती सोपी वाटते, पण पुरेशी नाही. गोव्यातील प्राचीन ताम्रपटांत ‘खज्जन’ असे रूप येते. ते मूळचे संस्कृत नसून स्थानिक शब्दाला दिलेला संस्कृत पेहराव असावा, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. बांदिवडे येथे सापडलेला अनिर्जितवर्मन् याचा ताम्रपट या संदर्भात महत्त्वाचा आहे. लिपीवरून तो इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातील मानतात. खज्जन जमीन दान देताना बांध घालून समुद्राचे पाणी अडवावे व तिचे भातशेत करावे, असा आशय त्यात आहे. म्हणजे त्या काळी हे तंत्र इतके परिचित होते की दानपत्रात त्याचा नुसता उल्लेख पुरला. खाजने तीन-चार हजार वर्षांपूर्वीची असल्याचे विधान वारंवार वाचायला मिळते. गावकरी (गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) व आदिम वसाहती यांविषयीच्या अनुमानांवर ते उभे आहे. ते अशक्य नाही. पण लेखी पुराव्याचा आधार ताम्रपटांपाशीच थांबतो आणि कालनिश्चिती तेथूनच करणे सुरक्षित. पोर्तुगीज अधिकारी अफोंसु मेशिया याने 1526 मध्ये नोंदवलेल्या फोरालमध्ये (हक्क व वहिवाटींच्या सनदेत) गावकऱ्यांच्या वहिवाटी आहेत, मात्र त्याचा रोख कर आणि हक्क यांवर आहे.

बांध : नदीकडचा बाहेरचा बांध आणि शेतांमधले आतले बांध असे दोन प्रकार. आतले बांध निव्वळ मातीचे असतात. बाहेरच्या बांधाचा गाभा चिकण चिखलाचा असून नदीकडच्या अंगाला जांभ्या दगडाची कोरडी रचाई करतात. चिखल ओहोटीच्या वेळी काठाच्या गाळातून कापून काढतात. त्यात वाळू किंवा शिंपल्यांचा चुरा असेल तर तो टाकून द्यावा लागतो, कारण पाणी तेथूनच वाट काढते. चिखलात भाताचा पेंढा मिसळून थर घालायचा, पायांनी तुडवायचा, सुकू द्यायचा आणि मग वरचा थर. सुकताना तो आक्रसतो व लांबीच्या दिशेने भेगा पडतात, म्हणून थर घाईने चढवत नाहीत. चिखल बांधाच्या पायथ्याला लागून काढणे ही नेहमीची चूक: तो खड्डा पुढे पायथाच ओढून नेतो.

रचाई कोरडी ठेवण्यालाही कारण आहे. ओहोटीत नदीचे पाणी झपाट्याने उतरते, पण बांधाच्या पोटातले पाणी मागे राहते. दगडांच्या सांध्यांतून ते झिरपून जाते. सांधे सिमेंटने भरले की ते कोंडते आणि भिंत पोट काढून पुढे येते. काँक्रीटची ताठ भिंतही मऊ गाळावर एकसारखी बसत नाही. ती कलते, मग तडकते. मातीचा बांध गाळाबरोबर खचतो आणि वरून भर घालून पुन्हा उभा करता येतो.

मानस : बांधातील पाण्याचे दार. जांभ्याच्या चिरेबंदी खांबांमध्ये एक किंवा अधिक गाळे, आणि प्रत्येकात लाकडी झडप. झडप नदीच्या बाजूने चौकटीवर टेकते. भरती चढू लागली की नदीचेच पाणी तिला चौकटीवर दाबून बंद करते. ओहोटीत आतले पाणी उंच राहते आणि तिला बाहेर ढकलून उघडते. माणसाचा हात लागत नाही. दाब वाढेल तशी झडप घट्ट बसते, म्हणून उधाणाच्या भरतीतही ती पुरी पडते. मात्र चौकटीत अडकलेली एखादी फांदी किंवा नारळाचे सोडण दोन बोटांची फट ठेवते आणि एका भरतीत शेत खारट करू शकते. लोखंडी झडपा खाऱ्या पाण्यात गंजून बिजागरांत अडकतात; लाकडी फळी बदलायला गावचा सुतार पुरतो.

मानशीच्या तोंडाशी ओहोटीत जाळे लावून सुंगटे (कोळंबी), शेवटे (एक मासा), कुर्ल्या (खेकडे) धरतात. मासेमारीच्या या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. या पैशातून बांधाची देखभाल व्हावी अशी मूळ योजना. हक्क घेणारा जास्त मासळीसाठी भरतीचे पाणी मुद्दाम आत घेऊ लागला की भात आणि मासळी यांचे वैर सुरू होते; खाजनांच्या आजच्या अनेक भांडणांचे मूळ येथेच आहे.

पोंय व शेत : मानशीच्या आत खोलगट पोंय असते. झडप बंद असताना शेतातले पावसाचे पाणी तेथे साठते, म्हणून पोंय बुजवणे म्हणजे शेत बुडवणे. पहिल्या पावसांनी जमिनीवरचे मीठ धुऊन गेल्यावर सरद (पावसाळी) हंगामाचे भात घेतात. कोरगुट हे खारे पाणी सोसणारे भात यासाठी प्रसिद्ध आहे. मिठागरे उन्हाळ्यात चालतात.

बिघाड : बांध फुटण्याची सुरुवात बहुधा खेकड्याच्या बिळाने होते. भरतीच्या वेळी आतल्या अंगाने चालत पाहिले तर ओला डाग दिसतो. झिरपणारे पाणी निवळ असेल तर थोडी सवड असते. गढूळ असेल तर बांधाची माती वाहून चालली आहे, काम त्याच ओहोटीत करायला हवे. बीळ आतून बुजवले तर पाण्याचा दाब बांधाच्या पोटात जाऊन बसतो. नदीकडचे तोंड शोधून, पूर्ण लांबी उकरून, पेंढा मिसळलेल्या चिखलाने ठोकून भरावे लागते. खिंडार पडले तर ते भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक लहान व पाण्याची ओढ कमी असताना, दोन ओळींत खुंट मारून दोन्ही टोकांकडून बांधत आणतात. उधाणापर्यंत थांबले तर प्रत्येक ओहोटी ते रुंद करते.

नदीकाठची कांदळवने लाटा मोडतात व बांध राखतात. रचाईतच रुजलेले झाड मात्र दगड उखडते. बार्जींच्या (मालवाहू नौकांच्या) लाटा, रेती उपसा, पाण्याची वाट अडवणारे रस्त्यांचे भराव यांनीही बांधांची हानी केली आहे.

व्यवस्थापन : पूर्वी बांधांची जबाबदारी गावकरीची, म्हणजे पुढच्या कोमुनिदादीची (हे तिचे पोर्तुगीज नाव), होती. 1964 च्या कूळवहिवाट कायद्यानंतर ती कुळांच्या संघटनांकडे आली. हक्क कसणाऱ्याला मिळाला हे न्याय्यच होते. पण रोज बांधावरून चालणारी यंत्रणा त्याबरोबर उभी राहिली नाही. किनारी नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेत गोव्यातील खाजनांचे नकाशे व व्यवस्थापन आराखडा करण्याची आणि तेथे विकासकामांना मनाई करण्याची तरतूद आहे.

समुद्रपातळीतील वाढ : जगाची सरासरी समुद्रपातळी 2006 ते 2018 या काळात वर्षाला सुमारे 3.7 मिलिमीटरने वाढली. यावर बांध उंच करावेत हा उपाय चटकन सुचतो. पण बांधाचे दोन्ही उतार एकास दोन (एक मीटर उंचीला दोन मीटर रुंदी) असतील तर उंची 30 सेंटिमीटर वाढवताना पायथा 1.2 मीटर रुंद करावा लागतो, आणि मऊ गाळावर एवढे वजन एकदम टाकले तर बांध खचतो. एका हंगामात वीतभर चढवणे बरे.

खरा धोका बांधाच्या माथ्यावर नसून मानशीत आहे, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. झडप उघडते ती नदी पोंयीपेक्षा खाली गेल्यावरच. उदाहरणादाखल, उधाणात भरती-ओहोटीत दोन मीटरचा फरक आहे आणि पोंयीचे पाणी समुद्राच्या सरासरी पातळीखाली 30 सेंटिमीटरवर राखायचे आहे असे धरू. सुमारे साडेबारा तासांच्या एका फेऱ्यात झडप पाच तास उघडी राहील. समुद्र 20 सेंटिमीटर वाढला की हा वेळ चार तासांवर येतो. पाण्याचा उतारही घटतो आणि बाहेर जाणारे पाणी जवळपास तीन दशांशाने कमी होते. भांगाच्या दिवसांत फरक एक मीटरच असेल तर झडप उघडणारच नाही. बांध शाबूत, नदी बाहेर, आणि भात पावसाच्या पाण्यात कुजते. म्हणून मानशीला जादा गाळे देणे, पोंयीतला गाळ काढून साठवण वाढवणे आणि आतले बांध दुसरी फळी म्हणून दुरुस्त ठेवणे ही कामे उंची वाढवण्याच्या आधी यायला हवीत. गाळे वाढवताना उंबरा खोल नेण्याचा मोह होतो. तो नदीतळाच्या गाळाखाली गेला तर झडप चिखलात रुतून बसते.