खिडकीच्या बटणावर गुडघा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी निघालेल्या गाडीत मागची पोरं कशी बसतात ते रावेर-सावद्याच्या रस्त्यावर पाहावं. गुडघे दाराच्या आर्मरेस्टवर, मान खिडकीबाहेर, आणि समोरून केळीचे ट्रक. पॉवर विंडोचं बटणही त्याच आर्मरेस्टवर असतं. गुडघा त्यावर पडला की काच वर यायला लागते.

म्हणून अमेरिकेच्या ११८ क्रमांकाच्या सुरक्षा मानकात २००४ मध्ये बटणाचीच परीक्षा घालण्यात आली. मुलाच्या गुडघ्याऐवजी ४० मिलिमीटर व्यासाचा गोळा १३५ न्यूटन, म्हणजे सुमारे १४ किलोच्या जोराने बटणावर दाबायचा. काच वर सरकता कामा नये. पुढे तर बोटाने वर ओढल्यावरच काच चढेल अशी बटणं आली. गुडघ्याला दाबता येतं, ओढता येत नाही. इतका साधा उपाय सुचायला एवढी वर्षं का लागली, कोण जाणे.

अडकलेलं पोर काच खाली ढकलू का शकत नाही? मोटरमधल्या वर्म गिअरमुळे, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने फिरणाऱ्या दातेरी चाकामुळे. मोटर काच हलवते, पण काच ढकलून मोटर फिरत नाही. खड्ड्यांत काच घसरत नाही ती यामुळेच, आणि मोठ्या माणसाचा जोरही इथे चालत नाही.

यावरचा इलाज अँटी-पिंच, म्हणजे काही अडकलं की काच आपोआप परत खाली नेणारी सोय. मोटरचे फेरे सेन्सर मोजतो. फेरे मंदावले की काच उलटी फिरते. त्याच अमेरिकी मानकाप्रमाणे अडकलेल्या वस्तूवरचा जोर १०० न्यूटनच्या, साधारण १० किलोच्या वर जाण्याआधी हे घडायला हवं. चाचणीला ४ ते २०० मिलिमीटर जाडीचे दांडे वापरतात. शेवटच्या ४ मिलिमीटरमध्ये मात्र ही सोय लागू नाही, नाहीतर काच रबरात घट्ट बसणारच नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत अँटी-पिंच फक्त ड्रायव्हरच्या खिडकीला असतं. पोरं बसतात मागे! तेव्हा ड्रायव्हरजवळचं मागच्या खिडक्यांचं लॉक दाबून ठेवावं. चहाला उतरताना किल्ली काढूनच घ्यावी: अमेरिकी नियमाप्रमाणे किल्ली बंद करून पुढचं दार उघडलं की अँटी-पिंच नसलेल्या खिडकीची काच वर चढता कामा नये, पण किल्ली चालूच राहिली तर ती चढते.

अँटी-पिंचची काच विनाकारण अर्ध्यातून परत येऊ लागली, तर आधी रबराच्या खाचेतली धूळ पाहावी. मे महिन्यात ती भरपूर सापडते.