रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या फीचं होतं काय? कोल्हापुरात माहिती अधिकाराचा अर्ज असा करा

मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या एका रिक्षावाल्या मामांनी परवा सीटखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. परमिट, पासिंग, बॅज, लायसन्स, सगळ्याच्या पावत्या घड्या घालून ठेवलेल्या. "एवढं भरतोय, आणि स्टॉपवर साधी शेड न्हाई. म्हापालिका करती काय ह्या पैशाचं?"

प्रश्न रास्त आहे, पत्ता चुकलाय. पिशवीतली एकही पावती महापालिकेची नव्हती. हे पैसे ताराबाई पार्कातल्या आरटीओत भरले जातात आणि तिथून राज्याच्या तिजोरीत जातात. इंग्लंडमध्ये लंडन सोडून बाकी ठिकाणी टॅक्सीचं लायसन्स स्थानिक कौन्सिलच देते आणि गाडीच्या लायसन्सची फी तपासणी, थांबे, कारभार अशा खर्चापुरतीच घ्यावी, असं तिथला 1976 चा कायदा सांगतो. त्यामुळं तिथला चालक थेट कौन्सिलला जाब विचारू शकतो. आपल्याकडं फी घेणारं ऑफिस एक आणि थांब्यावर खर्च करणारं दुसरं. म्हणून अर्जही दोन करायचे.

अर्ज माहिती अधिकार कायदा 2005 खाली करायचा. भारताचा कोणीही नागरिक करू शकतो, रिक्षा स्वतःची असो वा भाड्याची. मात्र अर्ज व्यक्तीच्या नावानं द्या. मी पहिल्यांदा युनियनच्या लेटरहेडवर दिला होता, वर रस्ते, पार्किंग, दंड असे तीन विषय एकातच कोंबलेले. परत आला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, एवढंच बसतं.

कागदपत्रांचा बोजा नाही. 'जोडपत्र अ' या नमुन्यातला अर्ज आणि त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखल्याची प्रत जोडा, फी माफ. माहिती कशाला हवी, हे विचारायचा अधिकार कुणालाही नाही. राज्य सरकारच्या आरटीआय पोर्टलवरून ऑनलाइनही अर्ज जातो. हातानं दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तराच्या मुदतीचे दिवस त्या शिक्क्यापासून मोजायचे असतात.

खरी मेख प्रश्नाच्या शब्दांत आहे. "शेड का बांधली नाही?" असं लिहिलंत तर "माहिती उपलब्ध नाही" एवढंच उत्तर येईल, आणि ते चूकही म्हणता येणार नाही, कारण या कायद्यानं कागद मिळतो, खुलासा नाही. महापालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याला (असे अर्ज घेऊन उत्तर देणारा अधिकारी) असं लिहा: "1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या काळात शहरातील रिक्षा थांब्यांचे फलक, पट्टे व शेड यांवर झालेल्या खर्चाची कामनिहाय यादी, कार्यादेश, मोजमाप पुस्तकातील नोंदी व अदा केलेली बिले यांच्या प्रती मिळाव्यात." मोजमाप पुस्तक विसरू नका. बिलात पट्टे मारलेले असतात, ते रस्त्यावर किती मीटर मारले हे त्यात कळतं.

आरटीओला विचारताना त्याच वर्षात रिक्षा-टॅक्सींचं परमिट, पासिंग आणि बॅज यांपोटी जमा झालेली रक्कम प्रकारनिहाय मागा, आणि ती कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या खात्यात, भरली तेही. वाहनांवरील कराचं मुख्य लेखाशीर्ष 0041 आहे. एक सांगून ठेवतो: तुमच्याच फीचा रुपया कुठं गेला हे असं दिसत नाही, तिजोरीत सगळं एकत्र होतं. पण कोल्हापुरातून किती गेलं आणि थांब्यांवर किती आलं, हे दोन आकडे शेजारी ठेवता येतात. निवेदन द्यायला तेवढे पुरतात.

अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला, तर कलम 6(3) प्रमाणं त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. "आमच्याकडं येत नाही" म्हणून तोंडी परतवू देऊ नका. उत्तराची मुदत 30 दिवस, प्रतीला पानामागं 2 रुपये. मुदत उलटून गेली तर माहिती फुकट द्यावी लागते. पानं जास्त असतील तर आधी फाइल पाहायला मागा आणि हवी तीच पानं घ्या.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर मुदत संपल्यापासून किंवा उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत त्याच ऑफिसातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडं 'जोडपत्र ब' द्या, स्टॅम्प 20 रुपयांचा. तिथंही दाद मिळाली नाही, तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील. कोल्हापूरकरांसाठी ते पुणे खंडपीठ. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला रोज 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 दंड होऊ शकतो. आयोगात तारीख लागायला मात्र वेळ जातो, तेव्हा पहिल्या अपिलाच्या सुनावणीला धंदा बुडाला तरी स्वतः जा. बरेचसे कागद तिथंच टेबलावर येतात.