राख, चिंच आणि जर्मनची डेचकी

मे महिन्यात आम्ही सगळी गावाकडं जमलेलो, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं. एका दुपारी दूध तापवताना दोन भांड्यांना तळाला लागलं, एक स्टीलचं पातेलं आणि एक जर्मनची डेचकी (जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम, आमच्याकडं अजून सगळे जर्मनच म्हणतात). माझ्या भाचीनं मोबाईलवर व्हिडिओ बघितला होता, तिनं दोन्हीत कपडे धुवायचा सोडा आणि उकळतं पाणी घालून रात्रभर ठेवून दिलं. सकाळी स्टीलचं पातेलं नुसत्या हातानं पुसलं तरी लख्ख निघालं आणि डेचकी मात्र आतून काळीकुट्ट. करपलेलं दूध निघालेलं होतं, पण धातूच काळा पडलेला. पोरगी घाबरून रडायला लागली. आज्जी आली, डेचकीत बोट फिरवलं आणि म्हणाली, "जर्मनला खारं चालत न्हाई गं बाय, त्याला चिंच लागते." मग चिंचेचं पाणी घालून डेचकी चुलीवर दहा-पंधरा मिनिटं उकळली, ते पाणी ओतून दिलं आणि बराचसा काळेपणा गेला.

आज्जी शाळेत गेलेली नाही. पण तिच्या त्या एका वाक्यात भांडी घासायचं जवळजवळ सगळं रसायनशास्त्र आहे असं मला मनापासून वाटतं. कुठला मळ आंबटानं जातो, कुठला खाऱ्यानं (मिठाचं खारट नव्हे, सोड्याराखेसारखं अल्कधर्मी) जातो आणि कुठल्या धातूला काय सोसतं, एवढं कळलं की महागाच्या बाटल्यांची फारशी गरज उरत नाही.

खारं आणि आंबट हे शास्त्रात पीएच या आकड्यानं मोजतात. शुद्ध पाणी ७, त्याच्या खाली आंबट, वर खारं, आणि एकेक आकडा म्हणजे दहापट फरक. लिंबाचा रस साधारण २ ते २.५, चिंचेचा कोळ ३ च्या आसपास, खायचा सोडा ८.३ च्या जवळ, कपडे धुवायचा सोडा ११ च्या आसपास आणि लाकडाच्या राखेचं पाणी १० ते १२ पर्यंत जातं. हे घरात तपासायचं असेल तर पट्ट्या विकत आणायला नकोत, हळद आहे की. पाण्यात चिमूटभर हळद कालवा आणि त्यात राखेचं गाळलेलं पाणी दोन चमचे घाला, लगेच लालसर विटकरी रंग येतो, वर लिंबू पिळलं की परत पिवळी. आमटी सांडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो ना, तेच हे. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही हेच.

आता राख. लाकूड जळलं की त्यातलं कार्बन, हायड्रोजन वगैरे हवेत जातं आणि झाडानं मातीतून घेतलेले क्षार खाली उरतात. त्यात सगळ्यात जास्त कॅल्शियमचे क्षार, ते पाण्यात फारसे विरघळत नाहीत, आणि थोडं पोटॅशियम कार्बोनेट, ते मात्र झटकन विरघळतं आणि पाणी खारं करतं. पोटॅश हा इंग्रजी शब्दच मुळी भांड्यातली राख अशा अर्थाचा, राखेचं पाणी भांड्यात आटवून हा क्षार काढायचे म्हणून. १८०७ साली हम्फ्री डेव्हीनं पोटॅशमधून वीज सोडून एक नवीन धातू वेगळा केला आणि त्याला नाव दिलं पोटॅशियम. म्हणजे केळ्यात पोटॅशियम असतं म्हणून डॉक्टर सांगतात त्याचं नाव चुलीतल्या राखेवरनं आलंय.

तेल आणि खारं पाणी एकत्र आलं की साबण होतो हे बहुतेकांना माहीत असतं, आणि त्यावरनं लोक सांगतात की राखेनं भांडं घासताना तेलाचा साबण होतो आणि भांडं स्वच्छ होतं. हे अर्धं खरं आहे. ताज्या गोड्या तेलाचा साबण थंड पाण्यात दोन मिनिटांत होत नाही, त्याला उष्णता आणि बराच वेळ लागतो. पण तळणीचं तेल, फोडणीचं तेल, शिळं तूप यात थोडी आम्लं सुटी झालेली असतात, ती राखेच्या पाण्याशी लगेच जुळतात आणि जागच्या जागी थोडासा साबण तयार होतो, आणि तो थोडासा साबण बाकीच्या तेलाला सोडवायला मदत करतो. उरलेलं काम राखेची बारीक पूड करते, ती तेल शोषून घेते आणि घासते. म्हणून कोरड्या भांड्यावर आधी कोरडी राख फिरवायची आणि मग पाण्याचा हात लावायचा, आज्जी असंच करते, आधी पाणी ओतलं की तेल सगळीकडं पसरतं आणि राख नुसती वाहून जाते.

सगळी राख सारखी नसते हेही बघा. लाकडाची राख जास्त खारी आणि मऊ. भाताच्या तुसाची राख (आमच्या खानापूर भागात भात भरपूर, त्यामुळं ती सहज मिळते) जवळजवळ सगळी सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, ती खारी कमी पण घासायला जबर, काळ्या लोखंडी कढईला चालेल, स्टीलला ओरखडे पाडेल. संकेश्वर निपाणीकडच्या गुऱ्हाळात चिपाडं जाळतात त्या राखेतही सिलिका जास्त. राख चाळून घ्यायची ती यासाठीच. दगडी कोळशाची, रंग दिलेल्या लाकडाची किंवा प्लास्टिक घालून पेटवलेल्या चुलीची राख भांड्याला अजिबात लावू नका, त्यात शिसं आणि बाकीचे विषारी धातू असू शकतात. आणि राख झाकून कोरड्या डब्यात ठेवायची, उघड्यावरच्या राखेत मांजर कुत्रं बसून जातं. हातालाही जपा, राखेचं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं कारण ते कातडीवरच्या तेलाचाच साबण करत असतं, शेवटी थोडं खोबरेल लावावं.

मग जर्मनचं काय झालं? अॅल्युमिनियमवर हवेमुळं एक अतिशय पातळ ऑक्साईडचा पापुद्रा आपोआप चढतो आणि तोच त्याला वाचवतो. तो पापुद्रा खाऱ्या पाण्यात विरघळतो, मग आतला उघडा धातू पाण्याशी भिडतो आणि वर काळसर थर धरतो. आता गंमत बघा, बेळगावात यमनापूरला हिंडाल्कोचा अॅल्युमिनाचा कारखाना आहे, जुने लोक त्याला अजून इंडालच म्हणतात. तिथं बॉक्साईटची लाल माती गरम कॉस्टिक सोड्यात घालून तिच्यातला अॅल्युमिनियमचा भाग विरघळवून घेतात आणि बाकीची माती बाजूला काढतात. ही पद्धत बायर नावाच्या ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञानं १८८० च्या दशकात शोधली. कारखान्यात जे मुद्दाम घडवून आणतात तेच आमच्या डेचकीत नको असताना झालं. म्हणून जर्मनला राख, सोडा रात्रभर नको, नुसतं गरम पाणी, थोडं पीठ आणि काथ्या पुरे.

पितळ आणि तांब्याचं उलट. घागर, तांब्या, समई, न्हाणीतला बंब, यांच्यावर मळ म्हणून जे तपकिरी हिरवट दिसतं ते तेल नव्हे, तो तांब्याचा ऑक्साईड आणि कार्बोनेट, आणि तो आंबटात विरघळतो. चिंचेत टार्टारिक आम्ल, लिंबात सायट्रिक, ताकात लॅक्टिक, आमसुलात हायड्रॉक्सीसायट्रिक. आमच्या भागात सरबत काढून उरलेली आमसुलं कोणी टाकत नाही, देवाची भांडी त्यानंच निघतात. सोबत मीठ घेतात ते नुसतं खरखरीत लागावं म्हणून नव्हे, मिठातलं क्लोराईड सुट्या झालेल्या तांब्याला धरून ठेवतं आणि काम लवकर होतं. फक्त घासल्यावर खळखळून धुवायचं आणि लगेच कोरडं पुसायचं. बऱ्याच जणी तक्रार करतात की चिंच लावली की दुसऱ्या दिवशी भांडं परत काळं, ते चिंचेमुळं नाही, अंगावर उरलेल्या आंबट ओलाव्यामुळं.

हेच आंबट पितळेच्या पातेल्यात शिजवलं तर तांबं अन्नात उतरतं, म्हणून आतून कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील २३२ अंशांना वितळतं, कल्हईवाला नवसागर टाकतो त्याचा पांढरा धूर निघतो, तो नवसागर तापून पितळेवरचा ऑक्साईड साफ करतो आणि मगच कथील चिकटतं. अशा भांड्याला आतून राख किंवा तारेची घासणी लावू नये, पातळ थर आहे तो.

आणि चुलीची काजळी? ती बहुतेक सगळी कार्बन, तिला ना आंबट विरघळवतं ना खारं. त्यावर आज्जीचा उपाय भांडं चुलीवर चढवायच्या आधीचा आहे. बुडाला बाहेरून राख-मातीचा ओला लेप द्यायचा, काजळी लेपावर बसते आणि लेपासकट सुटून येते. इतका सोपा आणि इतका हुशार उपाय मी दुसरा बघितलेला नाही.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे कारण हल्ली प्रत्येक व्हिडिओत तेच दाखवायलेत. सोडा आणि व्हिनेगर, किंवा सोडा आणि लिंबू एकत्र करून फेस काढायचा आणि त्यानं भांडी घासायची. फेस दिसतो म्हणून वाटतं काहीतरी जोरदार चाललंय, पण आंबट आणि खारं एकमेकांना मारून टाकतात, कार्बन डायऑक्साईड उडून जातो आणि खाली उरतं एक साधं मिठासारखं पाणी, ज्याच्यात ना तेल काढायची ताकद ना डाग काढायची. फार तर त्या बुडबुड्यांनी चिकटलेलं थोडं हलतं. दोन्ही वापरायचं असेल तर आधी खारं लावून तेल काढा, धुवा, मग आंबट लावा.

रिठ्याचं गणित वेगळंच आहे, तो ना खारेपणानं काम करतो ना आंबटपणानं. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, त्याच्या रेणूचं एक टोक साखरेचं, ते पाण्याला धरतं, आणि दुसरं टोक तेलाला धरतं, म्हणजे झाडानंच तयार केलेलं डिटर्जंट. कानडीत याला अंटवाळ म्हणतात, बेळगावच्या बाजारात दुकानदाराला दोन्ही नावं कळतात. आठ-दहा रिठे फोडून बी काढायचं, साली रात्रभर भिजवून सकाळी दहा मिनिटं उकळायच्या आणि गाळायच्या. फेस बाजारच्या लिक्विडपेक्षा कमी येतो, पण फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, तेवढंच करावं. डोळ्यात जाऊ देऊ नका, भयंकर चुरचुरतं, आणि तळ्यात ओढ्यात ओतू नका, सॅपोनिन माशांना विषारी असतं.

पाण्याचाही फरक पडतो. खानापूरकडं, जिथं कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिथलं ओढ्याचं पाणी हलकं, त्यात साधा साबण मस्त चालतो. अथणी, सौंदत्तीकडच्या बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम मॅग्नेशियम जास्त, तिथं साबणाची पांढरी साय होते आणि भांड्यावर डाग राहतात, तिथं रिठा जास्त उपयोगी, आणि पातेल्यात चढलेला पांढरा खर चिंचेच्या पाण्यानं सुटतो.

घासायला काथ्या किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी उत्तम, वापरून झाली की उन्हात टाकायची. पराठ्याच्या तव्याला, तेलकट ताटाला आधी जोंधळ्याचं नाहीतर बेसनाचं उरलेलं पीठ चोळलं तर निम्मं तेल त्यातच जातं आणि पाणीही कमी लागतं.

शेवटी ते पाणी जातं कुठं? आज्जीच्या घरी मोरीचं पाणी परड्यात अळूला आणि केळीला जातं. तिकडची लाल जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी, तिला राखेचं खारं पाणी आणि त्यातलं पोटॅश दोन्ही मानवतं, केळ तर पोटॅशसाठी हपापलेलीच असते. पण माझी मावशी सौंदत्तीला राहते, तिकडची काळी माती आधीच खारी, तिथं रोज राखेचं पाणी सोडलं तर झाडांची पानं पिवळी पडायला लागतात, मातीतलं लोह मुळांना घेताच येत नाही म्हणून. मावशीला मी सांगितलंय की राखेची भांडी वेगळी धू आणि ते पाणी नाल्यात सोड, परड्यात फक्त पीठ आणि चिंचेचं पाणी जाऊ दे.