रात्री दोन वाजता कोण बघणार?

"तंबाखू?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो," आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काकू, मशेरी लावता?"

"मशेरी काय, दात घासते की! सकाळ-संध्याकाळ."

"आणि दुपारी?"

"जेवल्यावर जराशी."

गुहागर तालुक्यातली माझी आत्या, वय 52. कॅन्सरमुळे उजवा स्तन काढून दीड वर्ष झालं होतं. तिला तो पुन्हा घडवून घ्यायचा होता. गावात कुणी म्हणालंही, "या वयात कशाला हवं?" त्या प्रश्नाला उत्तर द्यायची गरज आत्याला वाटली नाही, मलाही नाही. आधी भेटलेल्या एका सर्जननी फोटोंचा अल्बम दाखवला, पॅकेज सांगितलं आणि पुढच्याच आठवड्याची तारीख देऊ केली. मशेरीचं नावही काढलं नाही. दुसऱ्यांनी मात्र काढलं आणि माझ्या मनाने निवड तिथेच केली.

मशेरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच. हिरडीतून निकोटीन थेट रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. एरवी शरीर ते निभावून नेतं. पण प्लास्टिक सर्जरीचा सगळा खेळच बारीक रक्तवाहिन्यांवर चालतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे निकोटीन पूर्ण बंद ठेवायला सांगतात. काही ठिकाणी त्यासाठी लघवीची तपासणीही करतात, कारण 'सोडली' म्हणणारे सगळेच सोडत नाहीत.

शरीराच्याच दुसऱ्या भागातून नवा स्तन कसा घडवतात, हे कोकणातल्या माणसाला कलमांच्या भाषेत चटकन कळेल. भेट कलमात रोपाची कुंडी आंब्याच्या फांदीपाशी नेऊन दोघांची साल तासून बांधतात. जोड धरेपर्यंत फांदी आईच्या झाडाला लागलेलीच असते, तिचा रस चालू राहतो. पाठीचा रुंद स्नायू वरच्या कातडीसकट काखेखालून छातीवर फिरवून आणतात, ते असंच. त्याची मूळची रक्तवाहिनी तोडत नाहीत. अशा तुकड्याला फ्लॅप म्हणतात.

दुसरी पद्धत ओटीपोटाची. तिथली कातडी आणि चरबी पूर्ण सोडवून छातीवर आणायची, पोटाचा स्नायू जागीच ठेवायचा. यात काडी झाडावरून छाटली जाते. फरक एवढाच, की तुकड्याची जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची धमनी आणि शीर मायक्रोस्कोपखाली छातीतल्या रक्तवाहिन्यांना केसाहून बारीक धाग्याने शिवतात. पाच-सहा तास, कधी आठ-दहा. नुसत्या भाजलेल्या जखमेवर लावतात ती कातडी खालून झिरपणाऱ्या रसावर जगते. एवढा जाड तुकडा तसा जगत नाही, त्याला स्वतःची पाइपलाइन लागते.

ती पाइपलाइन तुंबली तर बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच तुंबते. म्हणून नर्स सुरुवातीला तासातासाला येऊन फ्लॅपवर बोट दाबून सोडते. पांढरी पडलेली जागा दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली की ठीक. फ्लॅप फिकट, थंड पडला तर रक्त येत नाहीये. जांभळा, फुगीर झाला आणि दाबल्यावर रंग झटकन परतला तर रक्त बाहेर जात नाहीये. दोन्ही वेळा वाट न बघता परत थिएटरमध्ये न्यावं लागतं. लवकर नेलं तर बरेचसे फ्लॅप वाचतात.

तेव्हा सर्जनला विचारायचा माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न हा: "रात्री दोन वाजता रंग बदलला तर बघणार कोण, आणि थिएटर उघडायला किती वेळ लागेल?" जोडीला हेही विचारावं, की गेल्या वर्षात अशी ऑपरेशनं किती केलीत आणि त्यातले किती फ्लॅप गेले. "एकही नाही" असं उत्तर आलं तर मी जरा सावध होईन.

पाटीवरच्या 'कॉस्मेटिक सर्जन' या शब्दांवर जाऊ नये. जनरल सर्जरीनंतर सहसा तीन वर्षं प्लास्टिक सर्जरीचं शिक्षण घेतलेल्यांच्या नावापुढे एम.सीएच. किंवा डीएनबी/डीआरएनबी आणि पुढे प्लास्टिक सर्जरी असं असतं. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर पडताळता येतो. फोटो दाखवले तर वर्षभरानंतरचे मागावेत, आणि मध्यम जमलेल्या कामाचेही.

सिलिकॉनच्या इम्प्लांटचं ऑपरेशन छोटं असतं, पण रेडिएशन झालेल्या किंवा होणार असलेल्या छातीत त्याच्याभोवतीचं आवरण आवळून ते दगडासारखं होण्याचा धोका वाढतो. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटचा लिम्फोमा या कॅन्सरच्या एका दुर्मीळ प्रकाराशी संबंध दिसल्यावर 2019 मध्ये अशी काही इम्प्लांट जगभरातून परत घेतली गेली. तेव्हा कुठलं घालणार हे विचारायला संकोच नको. घाईही नको: स्तन काढतानाच नवा घडवता येतो, तसा वर्षांनंतरही. काहीच न करणं हाही धडधाकट पर्याय आहे.

स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनबद्दल तर आपल्याकडे बोलतच नाहीत. पावसाळ्यातल्या दमट हवेत स्तनांखाली महिनोन् महिने बुरशी, सोलवटलेली कातडी, खांद्यांवर पट्ट्यांचे चर, मानेची कटकट. याला नखरे म्हणणाऱ्यांनी ते ओझं एक दिवस वाहून बघावं. इथेही भेट कलमच: स्तनाग्र सहसा मांसाच्या एका देठावर जिवंत ठेवून हलवतात. संवेदना कमी होणं, पुढे अंगावर पाजायला अडचण येणं, हे आधी न सांगणाऱ्या सर्जनकडे मी जाणार नाही.

पैशांचं थोडक्यात. आरोग्य विम्यात कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली असते, पण कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीत येत नाही. स्तन लहान करायचे असतील तर ते वैद्यकीय गरजेचं आहे असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. पॉलिसीतलं ते कलम (हे वेगळं कलम!) आधी वाचून घ्यावं. कॅन्सर रुग्णांना उपचारासाठी रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीत तिकीट पूर्ण माफ असतं, सोबत्याला या दोन्हींत 75 टक्के सवलत.

कोकणातल्या माणसाला अंतराचा हिशेब करावाच लागतो. सिंधुदुर्गातले लोक गोव्यात बांबोळीला जातात, कुणी कोल्हापूरला, आपण रत्नागिरीकर बहुतेक मुंबईत परळला. ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी काढणारी नळी आठवडा-दोन आठवडे राहू शकते, आणि ती घेऊन गोवा हायवेवरून एसटीने येणं काही गंमत नाही. आमच्या डॉक्टरांनी चिपळूणच्या एका सर्जनशी आधीच फोनवर बोलून ठेवलं, हे मला त्यांच्या पदवीइतकंच मोलाचं वाटलं.

मशेरी सुटायला आत्याला दोन महिने लागले, तारीख एकदा पुढे ढकलली. पाठीचा स्नायू वापरला. घरी आल्यावर सुनेने जुन्या लुगड्याची पिशवी शिवून त्यात नळीची बाटली ठेवली आणि वहीत रोजचं पाणी लिहायला लागली: 90, 70, 55. सलग दोन दिवस चोवीस तासांत 30 मिलिलिटरच्या खाली आलं की कळवा, असं सांगितलं होतं. लागोपाठ दुसऱ्या दिवशी 25 भरलं, तेव्हा सुनेची वाट न बघता आत्यानेच चिपळूणला फोन लावला.