स्केचच्या निर्मात्याची तालीम: पार्श्वभूमी

ऑनलाइन स्केच, म्हणजे काही मिनिटांचा विनोदी व्हिडिओ, करायला निघालेल्या निर्मात्याला आज जे धडे दिले जातात, त्यांतले बरेचसे इंटरनेटच्या आधीचे आहेत. अमेरिकेत १९१२मध्ये कीस्टोन स्टुडिओ सुरू झाला तेव्हा विनोदी मूकपट बहुधा एका रिळात बसवावा लागे. हजारेक फूट फिल्म, म्हणजे दहा ते पंधरा मिनिटं. शिकणं कामातूनच होई: चार्ली चॅप्लिन १९१४मध्ये तिथे नट म्हणून पडद्यावर आला आणि त्याच वर्षी स्वतः दिग्दर्शन करू लागला. शिकागोच्या सेकंड सिटी या विनोदी नाट्यसंस्थेने १९५९पासून त्यात प्रेक्षकांची भर घातली. आयत्या वेळी सुचलेले प्रसंग लोकांसमोर करून बघायचे, हशा मिळेल तेवढेच बांधून ठेवायचे.

ऑनलाइन स्केचला सर्वांत जवळचा नमुना मात्र २००३चा. डॅन हार्मन आणि रॉब श्रॅब यांनी लॉस एंजेलिसमध्ये चॅनल १०१ ही छोट्या मालिकांची दरमहा स्पर्धा सुरू केली. पाच मिनिटांच्या आतला भाग आणायचा, प्रेक्षक मत देणार, वरच्या पाच जणांनी महिन्याभरात पुढचा भाग करायचा. लांबी, तारीख आणि निकाल तिन्ही बाहेरून ठरलेलं. नवख्याला याहून चांगली शाळा मिळणं कठीण.

यूट्यूब २००५मध्ये आलं, २०१३मध्ये सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं व्हाइन. पुढे व्हाइन बंद पडलं, आणि २०२४मध्ये यूट्यूब शॉर्ट्स या छोट्या व्हिडिओंची मर्यादाही एका मिनिटावरून तीन मिनिटांवर गेली. बंधन सैल झालं, त्यामुळे ते घालायचं काम मार्गदर्शकाकडे आलं.

पहिल्या स्केचसाठी आमचा आग्रह असा: दोन पात्रं, एकच जागा, दोन ते तीन पानं, एका दिवसात शूट. साधारण एक पान म्हणजे एक मिनिट, पण भराभर संवादांत हा हिशेब चुकतो; म्हणून घड्याळ लावून मोठ्याने वाचन करायचंच. प्रसंगातली विचित्र गोष्ट, जिच्यावर विनोद उभा आहे, ती नेमकी कोणती, हे पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत कळलं नाही तर ओळख करून देणारे संवाद आधी कापावेत. दुसरी जागा घेतली की सामान हलवण्यात आणि पुन्हा प्रकाश लावण्यात दोनेक तास सहज जातात, आणि शेवटचा पंच, म्हणजे हशा मिळवणारी ओळ, घाईत उरकला जातो. तो सकाळीच घ्यावा.

सर्वाधिक स्केच बिघडतात ते आवाजाने. कॅमेऱ्यावरचा माइक दूर असतो, खोली घुमते आणि पंचचा शेवटचा शब्दच बुडतो. कॉलर माइक लावावा, पंखा बंद ठेवावा, रिकाम्या खोलीचा आवाज तीस सेकंद वेगळा घ्यावा. संकलनात दोन वाक्यांमधली फट त्यानेच बुजते.

रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, मार्गदर्शकाने निर्मात्याशेजारी बसून, मध्ये न थांबवता बघावा आणि मगच बोलावं. कलाकारांच्या लेखी संमती आणि संगीताचे हक्क त्याआधीच हातात हवेत. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा २००७पासून आहे. उसनं गाणं तिच्या नजरेस आलं की व्हिडिओची कमाई हक्कदाराकडे वळू शकते, किंवा व्हिडिओच अडवला जातो.