गोळीबार मैदान

सैनिकांना बंदूक, मशीनगन वा तोफ चालवण्याचा सराव देण्यासाठी राखलेली मोकळी जमीन. लष्करात तिला 'रेंज' म्हणतात. जुना शब्द 'चांदमारी'. त्यातला 'चांद' म्हणजे निशाणाचे गोल वर्तुळ असावे. पुण्यात शंकरशेट रस्त्यावरच्या एका चौकाला व लगतच्या ईदगाह मैदानाला 'गोळीबार मैदान' हेच नाव आहे. छावणीच्या आरंभीच्या काळात तिथे सराव होत असावा, असे नावावरून दिसते.

'गोळीबार'मधील 'बार' या उत्तरपदाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार ते फारसीतील 'बारीदन' (वर्षाव होणे) या धातूशी निगडित आहे. हिंदी 'गोलाबारी' त्याच कुळातला. दुसऱ्या मतानुसार ते 'बार' म्हणजे बंदुकीत ठासलेली दारू. बार भरणे, बार काढणे, फुसका बार असे स्वतंत्र प्रयोग मराठीत रुळलेले असल्याने हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ओझे या अर्थाचा फारसी 'बार' व संस्कृत 'भार' हे सजातीय (एकाच मुळातले) शब्द आहेत; दारूचा 'बार' मराठीत याच फारसी शब्दावाटे आला असावा.

खडकीच्या लढाईनंतर (५ नोव्हेंबर १८१७) पुणे व खडकी येथे ब्रिटिशांच्या छावण्या वसल्या. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. लष्करी अभियांत्रिकीचे विद्यालय १९४८ मध्ये रुरकीहून दापोडीला आले आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला १९४९ मध्ये बसली. या जागा निवडल्या तेव्हा भोवती शेते व माळ होते. वस्ती नंतर सरकत आली.

नेम काही शे मीटरवर धरला, तरी चुकलेली रायफलची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. म्हणून निशाणामागे टेकडी किंवा मातीचा उंच बांध लागतो. तरीही खडकावर आपटून उसळलेली गोळी कोणत्या दिशेला जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे बाजूंनाही मोकळा पट्टा सोडतात. सराव चालू असताना लाल झेंडा लावतात. तोफांच्या सरावात न फुटलेला गोळा मागे राहण्याचा धोका असतो; भंगार म्हणून तो उचलणे जीवघेणे ठरते.

अशा सरावासाठी १९३८ चा कायदा आहे. अधिसूचित क्षेत्रात जिल्हाधिकारी धोक्याचा पट्टा जाहीर करतो. गोळीबाराच्या वेळी तिथून माणसे व पाळीव जनावरे हटवली जातात आणि नुकसानीची भरपाई मिळू शकते. दारूगोळा कोठारांभोवतीचा बांधकामबंदीचा पट्टा, म्हणजे 'रेड झोन', यात मोडत नाही, जरी पुण्यात दोहोंची सर्रास गल्लत होते. तो १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्याखाली येतो. सरावाची बंदी वेळेपुरती असते, रेड झोनची बांधकामावर कायमची. देहूरोडच्या कोठाराभोवती ती २,००० यार्ड, म्हणजे सुमारे १,८२९ मीटर आहे. निगडी, तळवडे व रुपीनगरचे भाग तिच्या कक्षेत येतात.

सुरक्षेचा प्रश्न वहिवाटीच्या रस्त्यांनाही भिडतो. पुण्याजवळच्या बोपखेलचे रहिवासी दापोडीला जाण्यासाठी तिथल्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयाच्या (आताचे महाविद्यालय) आवारातला रस्ता वापरत. २०१५ मध्ये तो सुरक्षेच्या कारणाने त्यांना बंद झाला, त्यावरून आंदोलन पेटले आणि दिघीकडून मोठा वळसा पडू लागला. पुढे मुळा नदीवर त्यांच्यासाठी वेगळा पूल बांधला गेला.